योग्य मार्गाने पाठवलेला अर्ज

इंटरची परीक्षा संपली त्या आठवड्यात मी एका दाखल्यासाठी सांगलीच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथले कारकून फूटपट्टी लावून छापील कागदांवरचं विद्यापीठाचं नाव लाल शाईनं खोडत होते. खोडलेल्या ओळीच्या वर नव्या विद्यापीठाचा रबरी शिक्का मारायचा. शिक्का नवाकोरा होता, शाई फार पीत होता, म्हणून शिक्का मारलेले कागद वाळायला बाकांवर पसरून ठेवले होते आणि आम्हाला बसायला जागा नव्हती.

"जूनपासून आपण मुंबईचे नाही," कारकून मान वर न करता म्हणाले. "आपल्या बाजूच्या जिल्ह्यांना वेगळं विद्यापीठ झालं. हात लावू नका, ओलं आहे."

माझ्याबरोबर माझ्या खोलीतला मित्र होता. तो जतकडच्या कोरड्या मुलखातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. त्यानं कागदांकडं बघितलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मेंढरं तीच हायती गड्या. निस्ती कानावरची खूण बदलली."

मी हसलो, पण मला ते फारसं आवडलं नाही. नव्या विद्यापीठाबद्दल मी त्या दिवसांत इतका हळवा होतो की कुणी त्याची थट्टा केली तर मला आमच्या घरची थट्टा केल्यासारखं वाटे. आदल्या वर्षी सांगलीचं संस्थान विलीन झालं होतं. जे जे आमच्या आधीचं होतं ते जाऊन नवं येत होतं, आणि नव्यात आपल्यासारख्यांना जागा असणार, असं मी धरून चाललो होतो. इस्लामपूरच्या जवळच्या आमच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पहिला असण्याचा अर्थ एवढाच, की विचारायला पुढं कुणी नसतं.

विचारायला एक सर होते. ते अर्थशास्त्र शिकवत, वयानं तिशीच्या आतबाहेर, आणि नव्या विद्यापीठाच्या एका अभ्यासमंडळावर त्यांना घेतलं होतं. बैठकीहून परत आले की ते वर्गात दहा मिनिटं त्याविषयी बोलत. विद्यापीठ कसं उभं राहतं, हे मी त्यांच्याकडून ऐकलं. आधी कायदा होतो, मग कुलगुरू नेमले जातात, मग सभा आणि समित्या, मग विद्याशाखा, आणि प्रत्येक विषयाचं अभ्यासमंडळ. कोणता पेपर किती गुणांचा आणि कोणतं पुस्तक लावायचं, हे मंडळ ठरवतं. मुंबईचं विद्यापीठ आमच्यासाठी फक्त परीक्षा घेणारं होतं. शिकवायचं काम कॉलेजचं, पेपर तिकडून यायचा. नवं विद्यापीठ स्वतःही शिकवणार होतं. काही विषयांचे त्याचे स्वतःचे वर्ग असणार होते आणि लांबच्या कॉलेजांतल्या मुलांनाही तिथं जाता येणार होतं.

"आणि विद्यार्थी कवा येत्यात ह्यात, सर?" माझ्या मित्रानं विचारलं.

"सगळ्यात शेवटी," सर म्हणाले. "पण ते आले नाहीत तर बाकीच्यांनी नुसता चहा प्यायला, असं होईल."

परीक्षेआधीच्या हिवाळ्यात सर आम्हाला हरिपूरला घेऊन गेले होते. तिथं जमिनीच्या पोटात हळदीची पेवं असतात, विहिरीसारखी खोल आणि तोंडाला निमुळती. हळद त्यात वर्ष-वर्ष राहते. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आत कोंडलेली हवा असते, म्हणून आधी दोरीला कंदील बांधून सोडतात. कंदील विझला तर थांबायचं, जळत राहिला तर माणूस उतरायचा. आम्ही गेलो त्या दिवशी कंदील दोनदा विझला. पेवाचा माणूस काठावर पाय सोडून बसला आणि त्यानं सरांना सांगायला सुरुवात केली: कोणती माती चालते, कुणाची हळद कुणाशेजारी ठेवायची, भाव चढायची वाट किती दिवस बघायची आणि कधी बघायची नाही. सर वहीत लिहून घेत होते. परतताना ते आम्हाला म्हणाले, "हे कोणत्याही पुस्तकात नाही. तुमच्यापैकी कुणीतरी लिहायला पाहिजे."

ते सगळ्यांना म्हणाले होते. मी ते माझ्यापुरतं ऐकलं.

मे महिन्यात कळलं की नव्या विद्यापीठानं बी.ए.ला ग्रामीण अर्थशास्त्र हा नवा ऑनर्सचा विषय काढला आहे. तो कोणत्याही कॉलेजात नसणार, विद्यापीठाच्या स्वतःच्या वर्गातच शिकवणार, आणि जागा दहा. माझं मन तिथं जाऊन बसलं. इंटरचा निकाल जूनच्या सुरुवातीला लागला. मला दुसरा वर्ग मिळाला, मित्रालाही. निकाल बघायला आम्ही सांगलीला आलो होतो, तेव्हा सरांनी आम्हा दोघांना अर्जाचे छापील कागद दिले आणि सांगितलं, "प्राचार्यांची सही घ्या. ते आठवडाभर बाहेरगावी आहेत, पुढच्या सोमवारी येतील. सही झाली की पोस्टात टाकू नका, स्वतः नेऊन विद्यापीठाच्या खिडकीवर द्या. पंचवीस तारीख, शनिवार, दुपारी बारापर्यंत. लक्षात राहील ना?"

दोन आठवड्यांहून जास्त वेळ होता. मी अर्ज घेऊन गावाला गेलो.

माझे वडील फौजेतून हवालदार होऊन परत आले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. युद्धात ते आफ्रिकेत होते, कुठल्याशा डोंगरी मुलखात. तिथल्या लढाईबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण एक गोष्ट पुष्कळदा सांगत. शेजारच्या गावचा एक शिपाई त्यांच्या तुकडीत होता. त्याचं पोर आजारी असल्याचं पत्र आलं. तो थेट कप्तानाच्या तंबूपुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं रजा मागितली. मधल्या कुणाला विचारलं नाही म्हणून त्याला पहाऱ्यात ठेवलं आणि रजा दुसऱ्याला दिली. पोर गेलं. आबा ही गोष्ट सांगताना कप्तानाला दोष देत नसत. "मधी नाईक हुता, हवालदार हुता, सुभेदार हुता," ते म्हणत. "समद्यांवरनं उडी मारून गेला. मग काय हुनार?"

मी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला. इंग्रजी त्यांना अक्षरं लावून वाचता येई. त्यांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी बघितला.

"ह्यावर शिफारस कुनाची?"

"प्राचार्यांची सही लागती आबा. बास तेवढीच."

"त्ये वरचं झालं. खालनं कुनाची?"

"खालनं कुनाचीच न्हाई."

आबा माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मीच काहीतरी उर्मटपणा केला आहे. "आरं, सरकारी विद्यापीठ हाय ते. तू कोन, कुनाचा, कुठला, ह्ये त्यास्नी कोन सांगनार? थ्रू परापर च्यानल गेलं पायजे. पाटील, मामलेदार, सोल्जर बोर्ड, मग तुझं प्राचार्य. एकेक सही वर चढत गेली तर वरच्या सायबाला न्हाई म्हनता येत न्हाई."

"आवं आबा, सरांनी सांगितलंय..."

"तुझं सर तुला वळखत्यात. वरचा सायब वळखतो व्हय?"

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोरगं म्हनतंय न्हवं लागत न्हाई म्हनून."

"तू गप. फौजेत नव्हतीस तू."

"न्हवते म्हनूनच घर चाललं," आई म्हणाली. आणि ती पुन्हा भाकरी थापू लागली.

इथं मी थांबून सांगितलं पाहिजे की मला सगळं ठाऊक होतं. अर्जाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अर्ज प्राचार्यांमार्फत यावा. ती ओळ मी आबांना वाचून दाखवायला हवी होती. दाखवली नाही. ते रागावले असते म्हणून नाही. आबा रागीट नव्हते. पण अर्ज हातात घेतल्यापासून त्यांना काम मिळालं होतं. फौजेतून आल्यापासून उसाला पाणी पाजणं एवढंच त्यांच्याकडं होतं, आणि आता पुन्हा एकदा त्यांना काहीतरी येत होतं जे मला येत नव्हतं. त्यांनी ट्रंकेतून गणवेशाचा कोट काढला, त्यावरची पदकं लिंबानं घासली. मला ते मोडवेना.

पाटलाची सही त्याच संध्याकाळी झाली. मामलेदार फिरतीवर होते. इस्लामपूरच्या कचेरीच्या व्हरांड्यात आम्ही चार दिवस गेलो आणि बसलो. पाचव्या दिवशी ते आले. त्यांनी आबांच्या पदकांकडं बघितलं आणि न वाचता सही केली. आबा बाहेर येऊन म्हणाले, "बघितलंस? राजं गेलं, इंग्रज गेला, पर मामलेदार हाय. ही सही हालत न्हाई."

मग साताऱ्याला, सर्व्हिसच्या मोटारीनं. फौजेतून परतलेल्यांची कामं बघणाऱ्या सोल्जर बोर्डाचे अधिकारी रजेवर होते, सोमवारी येणार होते. आम्ही आबांच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांच्या घरी उतरलो. त्यांनीही अर्ज बघितला, आणि "मी पन लिवतो की दोन ओळी" म्हणून समासात इंग्रजीत लिहिलं की या मुलाचं कुटुंब एकनिष्ठ आहे. सोमवारी अधिकारी आले नाहीत, मंगळवारी आले. त्यांच्या कारकुनानं अर्ज आवक-बारनिशीच्या वहीत नोंदवून घेतला आणि उद्या या म्हणाला. बुधवारी म्हणाला उद्या या. मी आबांना म्हटलं, "आबा, शनिवारी शेवटची तारीख हाय."

"तारीख हाय म्हून तर शिस्तीनं चाललोय," आबा म्हणाले.

गुरुवारी दुपारी अर्ज मिळाला. शुक्रवारी आबा गावाशी उतरले आणि मी तसाच सांगलीला गेलो. पोचेपर्यंत कॉलेज बंद झालं होतं. शनिवारी सकाळी मी प्राचार्यांपुढं उभा राहिलो. त्यांनी अर्ज वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला.

"हे सगळं कशाला?"

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

"आज शेवटचा दिवस आहे, माहीत आहे ना? तुझा मित्र गेल्याच आठवड्यात सही घेऊन गेला." त्यांना सही करायला जागा शोधावी लागली. शेवटी पाटलाच्या अंगठ्याएवढ्या शिक्क्याच्या खाली त्यांनी कशीबशी केली. "जा. सांगून बघ. नवीन विद्यापीठ आहे, ऐकतील कदाचित."

मित्रानं काय केलं होतं ते मला नंतर कळलं. त्याचे वडील मेंढरं घेऊन लांब गेले होते. "बाला पत्र घालायचं तर मेंढराच्या पत्त्यावर घालावं लागतंय," तो म्हणायचा. त्याला विचारायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं सरांनी सांगितलं तेवढंच केलं.

शनिवारी बारापर्यंत तिथं पोचणं शक्य नव्हतं आणि रविवारी खिडकी बंद, म्हणून मी सोमवारी सकाळी विद्यापीठात पोचलो. विद्यापीठ म्हणजे एका शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या उसन्या खोल्या. दारांवर खडूनं लिहिलं होतं: कला विद्याशाखा, परीक्षा विभाग. एका दारावर एक नाव पुसून दुसरं लिहिलं होतं आणि दोन्ही वाचता येत होती. खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज हातात घेतला.

"मुदत शनिवारी संपली."

"हो. प्रवासात होतो."

"आणि हे काय? सोल्जर बोर्ड?" त्यांनी शेजारच्याला दाखवलं. "अहो, हे बघा. आपल्याकडं भरती व्हायला आलेत." मग माझ्याकडं वळून, "एकनिष्ठ कुटुंब! कुणाशी हो?"

मी विचारलं, "जागा भरल्या का?"

"जागांचा प्रश्न नाही. दहा आहेत, सहा अर्ज आलेत."

"मग..."

"हे पाहा," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर आवाज वाईट नव्हता त्यांचा, "संस्था नवीन आहे. पहिल्याच वर्षी नियम मोडला तर पुढं कोण पाळणार? अर्ज घेतो, शेरा मारतो, वर पाठवतो. उत्तर प्राचार्यांमार्फत येईल." आणि त्यांनी माझ्या देखत शिक्का मारला: मुदतीनंतर मिळाला.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. समोरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत टेबलाभोवती सात-आठ जण बसले होते. त्यांत आमचे सर होते. अभ्यासमंडळाची बैठक चालली होती. ते माझ्याकडं पाठ करून बसले होते. माझ्यापासून बारा पावलांवर, फार तर पंधरा.

मी जाऊन दारात उभा राहिलो असतो तर ते उठून आले असते. आज मला याबद्दल शंका नाही. त्यांनीच मला हा विषय दाखवला होता आणि चार जागा रिकाम्या होत्या. पण मी बाकावर बसलो. एवढे मोठे लोक बसले आहेत, मध्ये खिडकी आहे, खिडकीवरचा माणूस आहे, त्यानं सांगितलं आहे. त्याच्यावरून उडी मारून कसं जायचं? मला आबांची आठवण झाली नाही. ते सगळं मला माझंच वाटत होतं.

तासाभरानं बैठक संपली. सर बाकीच्यांशी बोलत बाहेर आले, मला बघून थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे, आलास तू! मला वाटलं विसरलास. अर्ज दिलास ना?"

मी उभा राहून नमस्कार केला आणि म्हटलं, "हो सर."

ते खोटं नव्हतं. अर्ज दिला होता. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, कुणीतरी त्यांना हाक मारली, ते जिना उतरून गेले.

त्या वर्षी मी सांगलीलाच बी.ए.च्या साध्या वर्गात इतिहास घेतला. सर तेव्हा आमच्या कॉलेजात नव्हते. नव्या वर्गाला शिकवायला विद्यापीठानं त्यांनाच नेलं होतं. त्यांना मी पत्र लिहिलं नाही. आबांना सांगितलं की उत्तर यायचं आहे, आणि तेही खरंच होतं. ते आलं दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे अर्जच शेऱ्यासकट परत आला. कॉलेजच्या कारकुनांनी अर्जावरच्या सह्या बघून ठरवलं असावं की हा ज्या वाटेनं वर चढला त्याच वाटेनं उतरवायचा. कॉलेजातून तो साताऱ्याला गेला, साताऱ्याहून इस्लामपूरला, तिथून पाटलाकडं. पाटलानं तो आणून आबांच्या हातात दिला. प्रत्येक ठिकाणी त्यावर नवा शिक्का बसला होता.

आबांनी चष्मा लावला. मुदतीनंतर मिळाला, हे त्यांनी अक्षर लावून वाचलं. मी समोर बसलो होतो. मला वाटलं, आता त्यांना कळेल. तुमच्यामुळं झालं, असं मला म्हणावं लागणार नाही, कागदच म्हणेल.

"बरोबर हाय त्यांचं," आबा म्हणाले. "तारीख म्हंजी तारीख. चांगलं चालवत्यात इद्यापीठ."

दोन दिवसांनी माझा मित्र आला. सुट्टीत गावाकडं जाताना तो वाट वाकडी करून आमच्याकडं उतरला होता. आईनं त्याला फराळाचं दिलं. तो आबांच्या शेजारी बसून वर्गाच्या गमती सांगू लागला: सहा पोरं आणि तीन शिकवणारे, पुस्तकं अजून यायची आहेत, परीक्षा कशी घ्यायची हे मंडळ अजून ठरवतंय, आणि सरांनी त्याला मेंढपाळांच्या वाटांवर निबंध लिहायला सांगितलाय. मग माझ्याकडं वळून सहज म्हणाला, "सर दोनदा इचारत हुते रं तुझं. म्हनले, अर्ज दिला म्हनून मला तोंडानं सांगितलं, मग यादीत नाव कसं न्हाई? मला त्याच वक्ताला बोलला आसता तर मीच अर्ज हातानं आत नेला आसता, म्हनले. मंडळ आतच बसलं हुतं की."

आबांनी ताटली खाली ठेवली.

"सर तितंच हुते?"

मी मान हलवली.

"आन् तू बोलला न्हाईस?"

"न्हाई."

"का?"

मित्र एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मी आबांकडं बघितलं. कप्तानाच्या तंबूपुढं उभा राहिलेला तो शिपाई, मधला नाईक, हवालदार, सुभेदार. लहानपणापासून ऐकलेलं ते सगळं माझ्या तोंडापाशी आलं होतं.

"तोंड न्हवतं व्हय तुला?" आबा म्हणाले. "शिकून काय केलंस मग?"

ते उठून गोठ्याकडं गेले. मी तिथंच बसून राहिलो. मित्र म्हणाला, "माझं काय चुकलं का रं?" आणि मी त्याला म्हटलं, न्हाई, चकली खा.

तो विषय नव्या विद्यापीठानं पुढं थोड्याच वर्षांत बंद केला, पुरेसे विद्यार्थी मिळेनात म्हणून. मित्राचा निबंध तेवढा झाला. पेवांवर कुणी लिहिलं की नाही मला ठाऊक नाही. मी लिहिलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवला.

आबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा फौजेच्या कागदांबरोबर घडी घातलेला तो अर्ज निघाला. माझ्या भावजयीनं तो उलगडून बघितला आणि कौतुकानं म्हणाली, "केवढ्या सायबांच्या सह्या हो ह्यावर! कशाचा हाय हा?"

मी म्हटलं, कॉलेजचा. आणि घडी घालून तो परत ठेवला.